मला विमानातलं काही कळत नाही

मानवत
१२ सप्टेंबर २०२३

ती. दादास,

राजेश्रीचा नमस्कार. तुझ्या डोक्याचे सात टाके निघाले आणि डाव्या कानानं अजून कमी ऐकू येतं, असं मायनं सांगितलं. दवाखान्याच्या फाटकात माझ्या सासरच्या भावकीनं तुला गाठून लोखंडी पाइपांनी मारलं तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. ओरडले नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहायला सोपं जाईल.

तू माझ्या नवऱ्याच्या खुनातला आरोपी आणि मी सरकार पक्षाची साक्षीदार. आपण एकमेकांना पत्रं लिहिणं शहाणपणाचं नाही, असं एक ओळखीचे वकील म्हणाले. शिवाय तुरुंगात पत्र उघडून वाचतात. तेव्हा खटल्याबद्दल यात अवाक्षर नाही. वाचणाऱ्या साहेबांनी निर्धास्त असावं. हे बहिणीनं भावाला विमानांबद्दल लिहिलेलं पत्र आहे, आणि साहेबांना त्यातून दोन गोष्टी नव्या कळल्या तर आनंदच आहे.

परवा माझ्या अपेक्षानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. खाली लिहिलेलं, स्पिटफायर मार्क नऊ. साहेबांसाठी सांगते, स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान आणि मार्क म्हणजे त्याचा प्रकार. माझं डोकंच फिरलं. पंखाखाली बघायचं की नाही? एका पंखाखाली चौकोनी पेटी आणि दुसऱ्याखाली छोटी गोल नळी म्हणजे मार्क पाच. दोन्हीकडं सारख्या पेट्या म्हणजे नऊ. पाचला पुढं तीन पाती, नऊला चार. लोकांना चारपर्यंत मोजता येत नाही आणि फोटोखाली नावं लिहायला बसतात.

हरिकेन विमानावरून आपण भांडायचो ते आठवतं? दोन-बी प्रकाराच्या पंखांत दहा मशीनगन असतात, असं मी म्हणायचे आणि तू माझी वेणी ओढायचास. मी अजूनही दहाच म्हणते. त्या गोळ्या माणसाला लागल्यावर काय होतं, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. आपल्या विमानांच्या पुस्तकात तेवढंच नव्हतं. एका माणसाच्या अंगातून किती रक्त निघतं ते मला आता माहीत झालंय.

मी पोलिसांना काय जबाब दिला ते तुला कळलंच असेल. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे.

राजेश्री


मानवत
५ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,

उत्तर आलं नाही. राग काढायचा तर काढ, तुझा हक्क आहे. पण मग शिव्या तरी दे.

काल घर आवरताना बाबांची आठवण झाली. जिंतूरच्या रद्दीवाल्याकडून तू ते जाड इंग्रजी पुस्तक आणलंस, पाठपुठ्ठा नसलेलं, आणि त्यातल्या चित्रांवरून आपण इंग्रजी शिकलो. तू नववीत, मी सहावीत. परीक्षेत दोघं गणितात नापास झाल्यावर बाबांनी बैलाच्या कासऱ्यानं मारलं. तुझ्या पाठीची कातडी सोलली होती, पण पुस्तक तू पोटाखाली धरून ठेवलंस. बाबांचा हात दुखायला लागला तेव्हाच ते थांबले. नंतर तेच बाबा आपण घरी केलेल्या पहिल्या छोट्या विमानाला रंग आणून द्यायला लागले. बन्सीधरच्या पोरांचं विमान उडतं म्हणून बाजारात स्वतःच सांगायचे.

पहिलं विमान कुठलं करायचं यावर दोन महिने गेले आणि शेवटी आपण हैदराबाद स्क्वाड्रनचं केलं. निजामाच्या राज्याचं नाव लावून ब्रह्मदेशात लढलेली ती तुकडी, मार्क आठ, बाजूच्या गोलातून झेप घेणारा काळा बिबट्या. बिबट्या मी काढला होता. मांजरासारखा दिसतो म्हणून तू हसलास आणि मी ब्रश तुझ्या तोंडावर मारला. आठ आणि नऊमध्ये फरक एवढाच की आठचं शेपटाखालचं चाक आत जातं.

दादा, मी तुला एक खोटं सांगितलं होतं. संक्रांतीला आले तेव्हा डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला पट्टी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं लोखंडी फाळकं पडलं म्हणाले. फाळकं पडलं नव्हतं. मी मार्क चौदाचं ड्रॉइंग काढत होते आणि ते गादीखाली यांना सापडलं. यांनी ते चुलीत घातलं. मग मला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेलं. तिथं लोखंडाची पट्टी घट्ट धरायचा व्हाइस आहे, त्यात माझा डावा हात धरला. उजवा सोडला, स्वयंपाकाला लागतो म्हणून. दांडा थोडा थोडा पिळत विचारत होते, सांग, पहिला मार्क कसा होता? दुसरा कसा? मी सांगत गेले. चुकले असते तरी त्यांना कळलं नसतं, पण मी बरोबर सांगत गेले. नऊपर्यंत पोहोचले तेव्हा हाड मोडलं.

साहेब, हे विमानांबद्दलच आहे.

राजेश्री


मानवत
२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,

माय भेटायला आली तर तू तिच्याशी बोलतोस, माझं नाव काढलं की गप्प बसतोस. ठीक आहे.

काल सासूबाईंनी मला पाणी तापवायच्या बंबाचं झाकण फेकून मारलं. कपाळाला लागलं. कारण असं की यांच्या फोटोचा हार वाळला होता आणि मी बदलला नव्हता. त्यांचा पोरगा गेलाय, त्यांनी काय फेकावं यावर मी काही म्हणत नाही. अपेक्षाला मात्र त्या रात्रंदिवस जवळ घेऊन बसतात आणि सांगतात, तुझ्या मामानं सापळा लावून तुझ्या बापाला मारलं.

सापळा. या एका शब्दावर सगळा खटला उभा आहे, म्हणून मला आता लिहावंच लागेल. वाचणाऱ्या साहेबांना काय करायचं ते करू दे.

आपल्या घरची रीत बाबांनी घालून दिली. घरात नवं यंत्र आलं की जावयानं नारळ फोडायचा आणि पहिली फिरकी त्याच्या हातानं द्यायची. पाण्याचं इंजिन आलं तेव्हा थोरल्या आत्याच्या नवऱ्यानं हँडल मारलं. आपल्या विमानांना यांनी. तसा विमानांचा त्यांना राग, पण हा मान सोडायचे नाहीत. जुनी डिझेल इंजिनं हातानं चालू केलेला माणूस, पातं धरून झटका द्यायची त्यांना ऐट होती. चार विमानं यांच्या हातानं चालू झाली. चारही एकाच दिशेला फिरणारी.

मार्क चौदाची कल्पना माझी. आधीच्या बहुतेक स्पिटफायरना मर्लिन इंजिन, चौदाला ग्रिफन, आणि ग्रिफन उलटं फिरतं. खऱ्या वैमानिकांनासुद्धा सवय मोडावी लागली. धावताना जुनं विमान डावीकडं ओढायचं, हे उजवीकडं. गवत कापायच्या मशीनच्या इंजिनाला उलटं फिरवायचं कसं ते तू शोधून काढलंस, ठिणगीची वेळ बदलून. पाच पात्यांचा पंखा मी शिसवीतून कोरला, त्याच मोडक्या बोटांनी धरून. कडा तू कानसीनं घासल्यास. मी म्हणाले अजून पातळ हव्यात.

आणि पोलिसांसमोर मी काय बोलले? "मला विमानातलं काही कळत नाही. इंजिन उलटं केल्याचं भावानं मला सांगितलं नव्हतं." पलीकडच्या बाकावर सासूबाई अपेक्षाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीचा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली होती. मला तेवढंच दिसत होतं. तू त्याच दिवशी पोलिसांना सांगितलंस, "मी बहिणीला सांगितलं होतं आणि तिनं दाजींना सांगितलं." म्हणजे माझ्या जबाबानं तू खोटा ठरलास.

माझी ही पत्रं तू कुणाला दाखवलीस तर माझा जबाब एका मिनिटात पडेल. ज्या बाईला विमानातलं काही कळत नाही ती मार्क पाच आणि नऊवरून भांडत नाही. हे मला पहिलं पत्र टाकतानाही कळत होतं. तू दाखवशील म्हणून मी वाट बघत होते की काय, मलाच माहीत नाही.

राजेश्री


मानवत
६ जानेवारी २०२५

ती. दादास,

उद्या माझी साक्ष आहे. हे पत्र परभणीला उतरल्यावर पेटीत टाकीन, म्हणजे तुला ते साक्षीनंतर मिळेल.

त्या दिवसाचं एकदा सरळ लिहिते. ६ ऑगस्ट, रविवार, धोंड्याचा महिना. मायनं पुरणाचे धोंडे केले, यांना कपडे केले, तुपाची वाटी भरून ठेवली. पंधरा दिवस पाऊस नव्हता आणि माळ टणक झाला होता. सकाळी इंजिन बसवताना तू मला म्हणालास, "राजू, दाजीला आत्ताच सांगून ठेव. हात जुन्या सवयीनं जाईल आन् पातं उलटं मारंल." मी म्हणाले, सांगते.

जेवताना मी त्यांना वाढत होते. तीन वेळा तोंडाशी आलं. तिसऱ्या वेळी ते मायच्या देखत म्हणाले, "हिची दोन बोटं वाकडीच बसलीत, भांडंबी धड धरता येईना हिला." आणि हसले. माय काही न कळून हसली. मी आत गेले आणि परत आले तेव्हा सांगायचं नाही असं ठरलं होतं. विसरले नाही. ठरवलं होतं.

माळावर आपण तिघंच. तू शेपूट गुडघ्यांत धरून बसलास, इंजिनाचा स्विच तुझ्या हाताशी. यांनी नारळ फोडला, पाणी नाकावर शिंपडलं आणि बाह्या वर केल्या. तू मला विचारलंस, "सांगितलंस न्हवं?" मी म्हणाले, "हो." तू क्षणभर माझ्या हातातल्या पेट्रोलच्या डब्याकडं बघितलंस आणि स्विच चालू केलास.

त्यांनी झटका दिला. इंजिन उलटं उसळलं. पहिल्या पात्यानं बोटं फोडली आणि हात मागं घ्यायच्या आत दुसरं आलं, कारण पाती पाच होती. तीन बोटं मातीत पडली. एक तर नारळाच्या भकलापाशी. मी त्यांच्याकडं बघत होते आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. तुझ्याकडं ते वळलेच नाहीत, सरळ माझ्यावर आले. शेपूट बांधायची लोखंडी खुंटी उपसली आणि माझ्या बरगडीत मारली. मी पडले. छातीवर बसून उरलेल्या हातानं गळा दाबला. फुटक्या हाताचं रक्त माझ्या तोंडात, डोळ्यात जात होतं, मला काही दिसत नव्हतं. श्वास संपत आला होता.

मग तुझा पाना लागल्याचा आवाज आला. एक. पकड सैल झाली. दुसरा. ते बाजूला कोसळले. मी उठून बसले, डोळे पुसले, आणि मग तू तिसरा मारलास. ते पडलेले होते, हालत नव्हते, आणि तू मारलास. इंजिन अजून चालू होतं. शेपूट सोडल्यावर विमान एकटंच माळावर उजवीकडं वळत गेलं आणि बांधावर आपटून फुटलं. उजवीकडंच वळलं, आपण म्हटलं होतं तसं.

उद्या मी सगळं सांगणार आहे. तुला मी हो म्हणाले ते, आणि तिसरा फटकाही. एक सांगून दुसरं लपवलं तर माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? अपेक्षा त्यानंतर माझ्याकडं राहील असं वाटत नाही. तिला आज न्हाऊ घातलं आणि दोन वेण्या घातल्या. ती विचारत होती, आज काय आहे.

राजेश्री


२१ जानेवारी २०२५

ती. दादास,

हे पत्र मी मायच्या घरून लिहितेय आणि ते टपालात पडणार नाही. तू सुटून आलास की हातात देईन, असं लिहायला घेताना ठरवलं आहे.

कोर्टात तू होतास, पण आरोपीच्या कठड्यातून तुला माझी फक्त पाठ दिसत असणार. जबाब खोटा दिला होता असं मी म्हणाले तेव्हा सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवून उलटतपासणी मागितली. स्वतःवर आळ येईल असं उत्तर नीट विचार करून द्या, असं जजसाहेबांनी मला दोनदा बजावलं. वकिलांचं म्हणणं एकच होतं. भावाला वाचवायला ही बाई चार शब्द पाठ करून आली आहे, हिला इंजिन कशाशी खातात ते माहीत नाही, मग भाऊ हिला सांगेल कशाला? त्यांनी दोन छापील फोटो माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, सांगा, यात फरक काय?

एक मार्क आठ होता आणि एक चौदा. मी सांगायला लागले. नाक किती लांबलं, नाकावर दोन फुगवटे का आले, चारऐवजी पाच पाती का लागली, मागचं सुकाणू का वाढवावं लागलं. वकिलांनी थांबवलं तरी मी थांबले नाही. दीड वर्षात मी इतकं मोकळं बोलले नव्हते, दादा, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद होत होता. बाकांवरचे लोक आधी हसले. मग मी दोन्ही हात पुढं करून दाखवलं, मर्लिन असं फिरतं आणि ग्रिफन असं, हात इथं ठेवला तर पातं इथं लागतं. माझी वाकडी बोटं हवेत होती आणि प्रत्येकाला समजलं होतं की या बाईला सगळं माहीत होतं. टंकलेखक बाईंनी मान वर करून बघितलं. "भावाचा माझ्या शब्दावर विश्वास होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं," असं मी शपथेवर म्हणाले. तिसऱ्या फटक्याचं सांगितलं तेव्हा तुझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर धाकट्या दिरानं माझे केस धरून डोकं उभ्या जीपवर आपटलं. पुढचा एक दात गेला. महिला पोलिसांनी सोडवलं. मानवतला गेले तर फाटकाला आतून कुलूप होतं. गच्चीवर अपेक्षा दिसली. एक वेणी सुटलेली होती. तिनं हात केला नाही. तिला आणायला वेगळा अर्ज करावा लागेल, आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर तो अर्ज कोण ऐकणार, असं तुझे वकील म्हणाले. रोज संध्याकाळी मला त्या वेणीची आठवण येते आणि मी रडते. तुझ्यावर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध लागेल, थोडक्यात सुटशील, असंही ते म्हणाले. त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

काल तारखेला तू मायच्या पिशवीत माझ्या पत्रांचा गठ्ठा दिलास. वकिलांना तू कधीच दाखवला नाहीस. यातलं एक जरी पत्र मिळालं असतं तर मी वर्षापूर्वीच जामीन काढला असता, असं ते चिडून म्हणाले.

मी उघडून बघितलं. प्रत्येक पत्रावर पेन्सिलीनं तुझ्या दुरुस्त्या. माझ्या दहा मशीनगनपुढं तू लिहिलंयस, "बारा. मोजून बघ." मार्क आठच्या ओळीखाली, "फरक फक्त चाकाचा नाही, पंखाच्या पुढच्या कडेला इंधनाच्या टाक्याही होत्या." बिबट्यापाशी, "मांजरच होतं." मी हसले, दात नसलेल्या जागेतून वारं गेलं. तू वाचत होतास. एकही पत्र सोडलं नव्हतंस.

शेवटच्या पत्रात "मी म्हणाले, हो" या ओळीसमोर तुझं बारीक अक्षर आहे. "डबा बघत नव्हतो. तुझी बोटं बघत होतो. फाळक्यानं असं मोडत नाही हे मला संक्रांतीलाच कळलं होतं. तू सांगितलं नाहीस हे तोंडावरून दिसलं. स्विच मी समजून चालू केला."

दादा, मी तीन वेळा वाचलं. आधी तुझा भयंकर राग आला. मी एकटीनं केलं असं समजून दीड वर्ष जळत राहिले, आणि तू कोपऱ्यात बसून माझ्या मशीनगन मोजत होतास. मग लक्षात आलं की कोर्टात मी शपथेवर जे खरं म्हणून सांगितलं, ज्याच्यासाठी पोरगी गमावली, ते खरं नव्हतं. आणि ते खोटं असल्याचा पुरावा आता फक्त या एका कागदावर आहे.

परवा वकील हा गठ्ठा न्यायला येणार आहेत, कोर्टात दाखल करायला. ड्रॉइंगचं खोडरबर शोधून काढलं. ती पाच वाक्यं खोडली, कागद उजेडाला धरून बघितला, पुन्हा खोडलं. आता काही दिसत नाही. तुला द्यायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण तेही वाचून झाल्यावर चुलीत घालते. तू घरी आलास की तोंडानं भांडू.

बाकीच्या दुरुस्त्या तशाच ठेवल्यात. मशीनगनही मी मोजून बघितल्या. बाराच आहेत.

राजेश्री